जपानी लाकडाचा चाटू

सबंध नागपुरात जपानी सुतारकामावर अधिकारवाणीने बोलू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे मी! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं. गोष्ट सत्त्याहत्तर सालची. तेव्हा जपान म्हटलं की लोकांना ट्रान्झिस्टर आठवायचा, फार तर मनगटी घड्याळ. मला मात्र करवत आठवायची.

त्याचं असं झालं, की गड्डीगोदामच्या एका भंगारवाल्याकडे मला एक विचित्र करवत सापडली. कन्हानकडच्या खाणीवर कोणी जपानी इंजिनियर येऊन गेला होता म्हणे, त्याच्या सामानातून ती मागे राहिलेली. आपली करवत पुढे ढकलली की कापते. ही मागे ओढली की कापायची! मी तिथल्या तिथे एक फळी कापून दाखवली. ती फळी त्याच्या दुकानाची होती हे मला नंतर कळलं, पण तोवर मी वेडा झालो होतो. वाचनालयात जाऊन जुनी परदेशी मासिकं चाळायची, त्यातली जपानी रंध्यांची, पटाशांची, बिडाच्या किटल्यांची चित्रं बघायची आणि मजकूर कळला नाही तरी मान डोलवायची, हा माझा रोजचा उद्योग झाला. कचेरीत डबा खाताना मी सगळ्यांना सांगायचो, "आपण हत्यार दूर ढकलतो, जपानी माणूस हत्यार स्वतःकडे ओढते. यातच सगळं तत्त्वज्ञान आलं!" कसलं तत्त्वज्ञान ते कोणी कधी विचारलं नाही, म्हणून अब्रू राहिली.

घरी मात्र माझ्या कलेची कदर नव्हती. आमच्या स्वैपाकघराचं दार पावसाळ्यात फुगायचं, म्हणून मी ते जपानी पद्धतीने, रंधा ओढून ओढून तासलं. दार लागायला लागलं हे खरं, पण खालून इतकी फट पडली की शेजारच्या इंदूबाईंची मांजर मान न वाकवता आत यायला लागली.

"लग्नाले चौदा वर्षं झाली," अनुसया, म्हणजे आमची बायको, म्हणाली. "तवापासून मी एक चाटू मागून राहिली. वरण ढवळाचा साधा लाकडाचा चाटू! थो काही तुमच्यानं झाला नाही. आता मांजरीसाठी दरवाजा तेवढा झाला!"

"चाटू काय, कोणीही करते," मी म्हणालो. "त्याले लायक लाकूड तं भेटू दे."

आणि लाकूड भेटलं! तिथेच सगळा घोळ झाला.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर देवराव बसायचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि इंदोऱ्याकडच्या त्यांच्या वस्तीतल्या विहारात कधी सिलोनचे, कधी जपानचे पाहुणे उतरायचे. एकदा यात्रेला निघालेला एक जपानी म्हातारा तिथे आठवडाभर राहिला. मोरिता त्याचं नाव, देवराव त्याला मोरिताजी म्हणायचा. मी करवत बगलेत मारून दर्शनाला गेलो. म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांत घेतली, तिला वाकून नमस्कार केला, तिचे दात बघितले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाय देवराव, कलावंताचं मन कसं असते!" मी म्हणालो.

"गंज पाहून रडून राहिला असंल गा," देवराव म्हणाला.

पण म्हाताऱ्याचा माझ्यावर जीव जडला एवढं नक्की. निघायच्या दिवशी, बाहेर रिक्षा उभी असताना, त्याने आपल्या बोचक्यातून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. ती एक लाकडी पेटी होती. पेटीवर रंधा उलटा बसवलेला, पातं वर! आणि पेटीला खाली एक छोटा खण. मी एका क्षणात ओळखलं. भुसा जमिनीवर सांडू नये म्हणून खण! याला म्हणतात जपानी स्वच्छता! त्याच्यासोबत कापडात गुंडाळलेला एक ठोकळा होता. वीतभर लांब, होडीसारखा किंचित वाकलेला, बाहेरून तपकिरी, वर पांढुरकी पूड. बोटाने ठोकला तर खणखणीत आवाज यायचा. असलं घट्ट लाकूड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मोरिताजीला मराठी येत नव्हती, मला जपानी येत नव्हती. त्याने खुणेने सांगितलं. ठोकळा पात्यावर घासायचा. खण उघडायचा. मग त्याने चिमूट तोंडाकडे नेली, डोळे मिटले, पोटावरून हात फिरवला आणि स्वर्ग दिसल्यासारखा हसला.

"काय म्हणते गा?" देवरावने विचारलं.

"सोपं आहे," मी म्हणालो. "म्हणते, रोज रंध्यावर हात चालवला, तं या कलेवर माणसाचं पोटही भरते आणि मनही भरते."

देवरावने माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं. शेवटचंच म्हणा!

त्या ठोकळ्याचा चाटू करायला मला तीन रविवार लागले. जपानी करवतीचे दात त्याच्यावरून घसरायचे. पटाशीला दर घडीला धार लावावी लागायची. आतून लाकूड कसं निघालं म्हणता? लालबुंद, काचेसारखं चमकणारं! त्याला मी सागवानाचा लांब दांडा बसवला आणि चाटू अनुसयेच्या पुढ्यात धरला. तिने तो नाकाशी नेला.

"याले वास येते."

"धुराचा वास आहे थो. जपानी लोक लाकूड धुरीवर वाळवतात."

"धुराचा नाही. दुसराच येते. खारा."

"मंग येणारच! चहूकडून समुद्र आहे त्याईच्या. झाडं खाऱ्या वाऱ्यावर वाढतात!"

हे मी इतक्या ठामपणे बोललो, की माझं मलाच पटलं. अनुसयेने चाटू खिळ्याला टांगला आणि वापरायला काही काढला नाही. खिळ्याखाली मात्र इंदूबाईंची मांजर येऊन बसायला लागली. तासन् तास मान वर करून चाटूकडे बघत बसायची. शेवटी एका जिवाला तरी माझ्या हातची कारागिरी कळली, असं मला वाटलं.

आता खरी गोष्ट. माझी धाकटी बहीण शामला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. तिथल्याच श्रीधरशी तिचं जमून चार वर्षं झाली होती, आणि चारही वर्षं गाडी एकाच ठिकाणी अडली होती. ते ठिकाण म्हणजे श्रीधरचे वडील, उमरेडचे भैयाजी. तशी आमची दोन्ही घरं विणकरांचीच. पण भैयाजींच्या गळ्यात माळ. कांदा नाही, लसूण नाही, बाहेरचं पाणीसुद्धा गाळून. आणि आमच्या घरी दर रविवारी सावजी मटणाचा रस्सा! फोडणी पडली की सक्करदऱ्याच्या तलावापलीकडचे लोक शिंकायचे. भैयाजींनी श्रीधरसाठी आलेलं एक स्थळ केवळ मुलीच्या घराच्या पडद्याला कालवणाचा वास येतो म्हणून परत पाठवलं होतं.

श्रीधरने बापाची खूप मनधरणी केली तेव्हा ते एवढं म्हणाले, "एक डाव त्याईच्या घरी जेवतो. घर पाह्यतो. मंग सांगतो."

शामला माझ्याजवळ येऊन बसली. "भाऊ, हे शेवटचं आहे. श्रीधर बापाच्या शब्दाबाहेर जाणार नाही. आणि मी दुसऱ्या कोणाशी करणार नाही. त्या दिवशी घरात काहीच उलटं-पालटं होऊ देऊ नको. तुयी ती करवत बी काढू नको."

आईबाप गेले तेव्हा ही पोरगी परकराची गाठ मारता न येणारी. मीच तिच्या वेण्या घातल्या, त्याही वाकड्या. तिने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "शामले, तू काळजी करू नको वं. मी आहे ना!" माझ्या या वाक्यानंतर घरातले लोक जास्तच काळजी करतात, असा अनुभव आहे.

मग आमच्या स्वैपाकघराचं शुद्धीकरण सुरू झालं. अनुसयेने भिंती धुतल्या, डबे धुतले, पाटा-वरवंटा चिंचेने घासला. रश्श्याचे गंज, म्हणजे मोठी पातेली, इंदूबाईंच्या घरी रवाना झाली. जेवण रांधायला शामलाच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली, पेटीत वाट बघत पडलेली कोरी भांडी काढली. सगळं जमलं होतं. भैयाजी आणि श्रीधर दारात चपला काढत होते, आणि आतून अनुसयेची हाक आली, "अहो, पळी!"

नव्या भांड्यांत पळीच नव्हती! घरातली एकूण एक पळी कधी ना कधी रश्श्यात बुडलेली. शामला पांढरीफटक पडली. पण मी डगमगलो नाही. मी वर हात करून खिळ्यावरचा चाटू काढला आणि म्हणालो, "आपल्या सगळ्या घरात मटणाचा डाग न लागलेली एकच वस्तू आहे. हा माझा चाटू!"

इंदूबाईंची मांजर ओरडली. मी तिला फटीतून बाहेर ढकललं आणि अनुसयेने चाटू उकळत्या वरणात घातला.

भैयाजी उंच, काटक, डोळ्यांनीच माणसाची झडती घेणारे. बसायच्या आधी ते थेट स्वैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "वरण कायनं ढवळून राहिल्या, बाई?"

"चाटूनं जी," मीच पुढे झालो. "कोराच आहे. आज पहिल्यांदा काढला. लाकूड जपानचं. बुद्धाच्या भक्ताईचा देश तो. तिथी मुंगीलेही धक्का लागत नाही!"

"असं?" भैयाजी प्रसन्न झाले. "लाकूड तं चांगलं दिसते. कोणं केला?"

"मीच जी," मी म्हणालो आणि मान खाली घातली. विनयाने.

पानं वाढली. भैयाजींनी चित्राहुती घातली, वरणभाताचा पहिला घास घेतला आणि ते थांबले. एकदम थांबले. हात पानावर, नजर समोरच्या भिंतीवर. श्रीधर घाबरून बापाकडे बघायला लागला. दाराआड शामलाने तोंडाला पदर लावला. मला आमचा पडदा आठवला. धुतला होता ना तो?

"वरण," भैयाजी म्हणाले.

"काही चुकलं का जी?" मी विचारलं.

"आणखी वाढा."

त्यांनी भात संपवला आणि नुसतं वरण मागितलं. वाटी आणवली. वाटी ठेवून वाडगा आणवला. भाजी, कोशिंबीर, पुरणपोळी जिथल्या तिथे राहिली. शेवटी वाडगा खाली ठेवून ते म्हणाले, "साठीले आलो मी. कांदा नाही, लसूण नाही, तरी असं वरण मी या तोंडानं कधी खाल्लं नाही. कोणी रांधलं?"

"शामलानं!" आम्ही दोघं नवराबायको एका सुरात ओरडलो.

"पोरगी आमची झाली," भैयाजी म्हणाले.

दाराआडून हुंदका आला. अनुसया रडली, श्रीधर रडला, मीसुद्धा रडलो. साखर वाटली. निघताना भैयाजींनी मला बाजूला घेतलं. "ईश्वरदासजी, देण्याघेण्याचं नाव काढू नका. आमाले काही नको. पण तो चाटू..."

"तुमचाच आहे जी!" मी तो धुऊन, नव्या रुमालात गुंडाळून त्यांच्या हाती दिला. माझ्या हातची वस्तू कोणी मागून नेली, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. छाती भरून आली होती.

पुढच्या महिन्याभरात श्रीधरकडून खबरी येत राहिल्या. बाबा दोन्ही वेळेला वरणच मागतात. बाबा चाटू दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. चाटू थोडा झिजला, म्हणून बाबा आता वरण स्वतःच ढवळतात. भजनी मंडळ आधी भजन करून मग जेवायचं, आता आधी जेवून घेतं. आणि घरात मांजरं फार झाली आहेत. बाबा म्हणतात, घरात पुण्य असलं की मुके जीव येतात. मी या सगळ्या खबरी कचेरीत वाचून दाखवल्यासारख्या सांगायचो. पुढच्या रविवारी तर भैयाजींकडे सप्ताहाची समाप्ती होती. गावातले झाडून सारे माळकरी जेवायला येणार, आणि वरण याच चाटूने ढवळलं जाणार होतं!

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, देवराव म्हणाला, "मोरिताजी आले गा परत. गयेहून वापस जाऊन राहिले. या डावाले एक हिंदी बोलणारा पोरगाही आहे संग, शिकतो इथंच कुठीतरी."

मी तसाच निघालो. विहाराच्या अंगणात म्हातारा मला बघून उठला, वाकला. मीही वाकलो. सोबतच्या जपानी विद्यार्थ्याने विचारलं, "मोरिताजी पूछ रहे हैं, आपको अच्छा लगा?"

"बहुत अच्छा!" मी म्हणालो. "हमने उसका चाटू बनाया!"

"क्या बनाया?"

मी हवेत वरण ढवळून दाखवलं. विद्यार्थ्याने मला तीच गोष्ट पुन्हा करायला लावली. मग त्याने म्हाताऱ्याच्या कानात काही सांगितलं. म्हातारा आधी गंभीर झाला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो दोन्ही हातांनी गुडघे धरून खालीच बसला आणि इतका हसला की त्याची टोपी पडली.

"वो लकडी नहीं है," विद्यार्थी म्हणाला. "वो मछली है."

"कौन?"

"जो आपने... उसका चाटू."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. एक समुद्रातला मासा असतो. तो उकडतात, महिनाभर धूर देतात, वाळवतात, पुन्हा वाळवतात, इतका की दगड होतो. त्या पेटीवर किसून त्याचा कीस गरम पाण्यात टाकला की साध्या रश्श्याला अशी चव येते, की खाणारा पानावरून उठत नाही. मोरिताजी प्रवासात चवीला म्हणून तो जवळ बाळगत होते. आणि ती पेटी सुतारकामाची नव्हेच! ती स्वैपाकघरातली किसणी!

देवराव विहाराच्या खांबाला धरून हसत होता. "मुंगीलेही धक्का लागत नाही म्हणून सांगितलं होतं ना तू? अगा, आमच्या घरीही रविवारी मटण शिजते! मले तं विचाराचं होतं!"

"देवराव," मी म्हणालो, "उद्या सप्ताह आहे."

देवरावचं हसू थांबलं. ते पुन्हा सुरू झालं, पण थांबलं होतं हे खरं.

शामलाच्या लग्नाच्या पत्रिका छापायला गेल्या होत्या. उद्या गावभरचे माळकरी मासा जेवणार, आणि कधी ना कधी कोणाला तरी ते कळणार. कळलं की शामलाचं काय? मी घरी आलो, कोणाला काही बोललो नाही आणि संध्याकाळी बसून सागवानाचा हुबेहूब तसाच चाटू केला. भीतीने हात चालतो तसा कलेने चालत नाही, तासाभरात झाला. सकाळी देवरावला घेऊन उमरेडची यष्टी पकडली.

भैयाजींच्या अंगणात मोठ्या चुलाण्यावर गंज चढलेला. त्यावर पुरुषभर उंच वाफ. बाजूला भैयाजी स्वतः, हातात माझा चाटू. भिंतीवर, ओट्यावर, बाजेखाली मांजरं.

"या, या!" भैयाजी म्हणाले. "दाळ आता शिजलीच आहे. आता चाटू घालतो."

देवरावने ठरल्याप्रमाणे सुरू केलं, "भैयाजी, तुमचे माग पाहाचे होते. इतकं नाव ऐकलं!"

मागाचं नाव काढल्यावर विणकराचा पाय जागेवर राहत नाही. भैयाजींनी चाटू माझ्या हातात दिला. "तुमीच केलेला आहे. तुमच्यापाशी देतो. दुसऱ्याच्या हाती देऊ नका." आणि ते देवरावला घेऊन आत गेले.

मी झटकन सागवानाचा चाटू गंजात घातला आणि माशाचा चाटू सदऱ्याच्या आत, बंडीत खोचला. झालं! मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात पायाला काहीतरी मऊ लागलं. एक मांजर होतं. मग दुसरं. मी एका हाताने वरण ढवळत दुसऱ्या हाताने हाड्‌हाड्‌ करायला लागलो. एक बोका माझ्या धोतराला धरून वर चढायला लागला. एक मांजरी चुलाण्याच्या कठड्यावरून थेट खांद्यावर आली आणि माझ्या गळ्यातून आत डोकं घालायला लागली!

भैयाजी बाहेर आले तेव्हा मी चार मांजरांसकट अंगणात गोल फिरत होतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गंजाकडे गेले. वाटीत थोडं वरण घेऊन चाखलं. पुन्हा चाखलं. चाटू बाहेर काढून बघितला.

"हा तो चाटू नाही," ते म्हणाले.

"तोच आहे जी..."

"ईश्वरदासजी, दिलेली वस्तू वापस चोरून नेऊन राहिले तुमी?"

मंडपातली मंडळी वळून बघायला लागली. भैयाजींनी माझा दंड धरला आणि मला गोठ्यामागे नेलं. मांजरंही आली. तिथे माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. मोरिताजी, पेटी, खण, खुणा, समुद्र, धूर, मासा! "माही बहीण निर्दोष आहे जी," मी शेवटी म्हणालो, आणि आता मला खरोखर रडू फुटलं. "तिले काही ठाऊक नाही. मले जी शिक्षा द्याची थे द्या. लग्न मोडू नका."

भैयाजींनी माझ्या बंडीतून चाटू ओढून काढला, हातात फिरवला.

"तुले ठाऊक होतं, का हा मासा आहे?" आता ते अरे-तुरेवर आले होते.

"कालपर्यंत नाही जी. आईची शपथ!"

"तुया बायकोले?"

"नाही."

"शामलाले?"

"नाही."

"मले?"

"तुमाले कुठून ठाऊक असंल जी!"

"म्हणजे महिनाभर आमी जे खाल्लं थे लाकडानं ढवळलेलं वरण होतं. लाकूड म्हणून आणलं, लाकूड म्हणून वापरलं. देवाले मन दिसते. बरोबर?"

"बरोबर जी!" मला एकदम हुशारी आली.

"मंग," भैयाजी माझ्यावर असे ओरडले की बोका गव्हाणीत पडला, "मंग मले सांगितलं काहून? आं? आजच्या दिवस तोंड मिटून राहता येत नव्हतं तुले? इतके लोक जेवाले बसून राहिले! आता मले ठाऊक झालं ना! आता कसं घालू मी हे त्या वरणात?"

त्यांचा आवाज चिरकला होता. त्यांनी चाटू नाकाशी नेला, एक दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले. मग तोंड फिरवून तो हळूच जमिनीवर ठेवला. मांजरांनी तो दांड्यापर्यंत कसा संपवला ते मी बघितलं, त्यांनी नाही बघितलं.

"लग्न...?" मी भीत भीत विचारलं.

"लग्न कायले मोडते? पोरीचा काय दोष? पण गावात अक्षर बोलशील तं याद राख."

त्या दिवशी सप्ताहाचं वरण साधंच झालं. माळकऱ्यांनी एकेक वाढ घेतली आणि आधी भजन करायला हवं होतं असं म्हणत उठले. शामलाचं लग्न ठरल्या दिवशी लागलं. सासऱ्यांनी तिच्याकडे एकदाही त्या वरणाची फर्माईश केली नाही, म्हणून ती आजवर त्यांना फार समंजस समजते.

मी त्यांच्यासमोर जायला पुढे कितीतरी दिवस लाजत होतो. दिवाळसणाचं बोलावणं घेऊन उमरेडला गेलो तेव्हा ओटीवर खाली मान घालून बसलो होतो. भैयाजी शेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं विचारलं, कचेरीचं, पावसाचं, देवरावचं. मग त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"ईश्वरदास, तुया तो जपानी म्हातारा पुन्हा येणार आहे म्हणते?"

"हाव जी. पुढच्या साली."

"त्यानं काही दिलं तं घेऊन येजो," भैयाजी हळूच म्हणाले. "पण काय आहे थे मले सांगू नको."